आल्टोला चाल नसते म्हणालीस ना

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू म्हणालीस की कॉयरमधे, म्हणजे तुमच्या गाणाऱ्यांच्या संचात, तुला आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात टाकलंय आणि तुझ्या वाट्याला आलेल्या ओळीला धड चालच नाही, सगळी मजा वरच्या आवाजातल्या सोप्रानोवाल्या पोरींची, तेव्हा मी गप्प बसलो. तुला वाटलं असेल बाबांचं लक्ष नाही. होतं गं, पण वसईकाका आठवला एकदम आणि मग बोलता येईना. त्याला जाऊन आता पाच महिने होतील.

तुला काका फक्त केळी आणि सोनचाफा आणणारा म्हणून आठवत असेल. मला तो आठवतो गाडीतला. मी विरारला चढायचो, आमचं भजनी मंडळ तिथेच सुरू व्हायचं, आणि वसईला गर्दीतून वाट काढत हा आत यायचा, चाफा विठ्ठलाच्या फोटोला लावायचा आणि दाराशी उभा राहून गायचा. अभंगात आम्ही सगळे एकाच सुरात, आणि हा आपला मुद्दाम खालून दुसराच सूर धरून चाललाय. बुवा एकदा वैतागून म्हणाले, अहो तुमचा सूर उतरला. तर म्हणतो, उतरला नाही बुवा, मी उतरवलाय! अख्खा डबा हसला. पण नायगाव सोडून गाडी खाडीच्या पुलावर आली की खडखडाटात आमचे वरचे आवाज निम्मे जायचे आणि याचा तेवढा राहायचा. बुवांनी पुन्हा काही त्याला टोकलं नाही.

चर्चच्या कॉयरमधे तो बेस, म्हणजे पुरुषांचा खालचा आवाज. नोव्हेंबर लागला की नाताळची प्रॅक्टिस गाडीतच, हातात कागद, आणि तोंडाने नुसतं एकाच सुरावर ऊं ऊं ऊं, मधेच एखादी पायरी खाली आणि परत तिथेच. मी म्हणायचो, अरे हे काय गाणं आहे की मिक्सर? तर म्हणाला, नाताळच्या रात्री मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला ये, मग बोल. गेलो आपण, आठवतंय का, तू चौथीत होतीस आणि माझ्या खांद्यावर झोपलीस. शब्द मराठी होते, मला आधी त्याचंच नवल. त्याने नंतर सांगितलं, त्याच्या वडलांनी अर्धं आयुष्य लॅटिनमधे गायलं, अर्थ कळत नव्हता, 1962 ते 65 ची व्हॅटिकनची परिषद झाली तेव्हा कुठे मिस्सा आपल्या भाषेत आला. आणि लगेच वर, पण ओवी आमच्याकडे जुनी हं, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 चं! (ही तारीख त्याने मला किमान पन्नास वेळा ऐकवली असेल.) तर ते गाणं सुरू झालं आणि मी त्याचं ऊं ऊं शोधत बसलो, सापडेचना. चारही आवाज असे मिसळलेले की त्याचा वेगळा काढताच येईना. घरी येताना रिक्षात मी ती चाल गुणगुणत होतो, त्यातली एकही नोट त्याची नव्हती.

तो गेला तेव्हा त्याच्या मिस्साला मंडळातले आम्ही सात-आठ जण गेलो, टाळ घरी ठेवून. कॉयरने तेच गाणं घेतलं. बेसला दोघंच उरले होते. त्या दिवशी मात्र त्याची जागा कुठे ते बरोबर कळलं मला, अगदी ओळ न ओळ.

तुला जर्मनीत लायप्झिगची अ‍ॅडमिशन मिळाली तेव्हा माझ्याआधी तो नाचला होता, आठवतं? संगीतकार बाख 1723 पासून मरेपर्यंत तिथेच, थॉमस चर्चच्या पोरांना गायला शिकवायचा, ते कॉयर 1212 चं, बाखची कबरही तिथेच, असं सगळं एका दमात. आणि त्याने तुला सांगितलेलं ते काम राहिलंच. शुक्रवारी संध्याकाळी तिथे पोरं गातात ना, तेव्हा एकदा जा. रेकॉर्ड करू देत नसतील तर नको करूस, नुसतं बेसवाल्यांच्या बाजूला बस आणि कसं वाटलं ते मला फोनवर सांग, मी काकूंना सांगेन.

आल्टोची तुझी ओळ पण पाठव व्हॉट्सअ‍ॅपवर, एकटीच गाऊन. हसणार नाही. थोडा हसेन.

आई विचारतेय थर्मल घालतेस का.

तुझा,
बाबा