दिवा शाबूत, डबा जळालेला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवे एलईडी पथदिवे वर्ष-दीड वर्षातच लुकलुकू लागतात आणि मग बंद पडतात, अशा तक्रारींची पत्रे आपल्या अंकात अधूनमधून येतात. बहुतेक पत्रलेखक ठेकेदाराला धरतात, आणि पुष्कळदा ते खरेही असते. पण औद्योगिक वसाहतींत विजेची कामे केलेल्या माझ्यासारख्यांना ही तक्रार जुनी वाटते. एलईडी स्वस्त होण्याआधी 'वीज वाचवणारा, कधीही न जाणारा दिवा' म्हणून इंडक्शन दिवे विकले जात. कारखान्यांच्या शेड, गोदामे, पेट्रोल पंप, उद्याने, काही ठिकाणचे रस्ते येथे ते लागले. त्यांचे पुढे काय झाले हे आठवले, तर आजच्या निविदांमध्ये काय राहून जाते ते समजेल.

नेहमीच्या ट्यूबच्या दोन्ही टोकांना तारेची वेटोळी असतात. दिवा लावला की ती झिजतात, टोके काळी पडतात आणि ट्यूब जाते. इंडक्शन दिव्यात ही वेटोळीच नाहीत. काच पूर्ण बंद. फेराइटच्या (लोहचुंबकीय पदार्थाच्या) गाभ्यावर गुंडाळलेल्या तारेतून उच्च वारंवारतेची वीज जाते आणि तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे आतल्या वायूत प्रवाह सुरू होतो. इंडक्शन शेगडी तार न जोडता भांडे तापवते, तसलाच हा प्रकार. कल्पना जुनी आहे. निकोला टेस्लाने १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्याख्यानात तारा न जोडलेल्या नळ्या उजळवून दाखवल्या होत्या. बाजारात मात्र १९९१ मध्ये फिलिप्सचा 'क्यूएल' आला, तेव्हा कुठे ती रुळली.

झिजायला आत काही नाही, म्हणून आयुष्य एक लाख तास. रात्री साडेअकरा तास दिवा लागतो असे धरले तर चोवीस वर्षे होतात! हा आकडा पाहून कोणाचीही मान डोलली असती. तोवर शेडमध्ये लागणारा मोठा मेटल हॅलाइड दिवा लावल्यावर पूर्ण उजळायला काही मिनिटे घ्यायचा, आणि वीज क्षणभर गेली तरी थंड होईपर्यंत पुन्हा लागायचा नाही. त्या वेळात शेडमध्ये काम ठप्प. इंडक्शन दिवा तात्काळ लागे आणि थरथरत नसे. सोडियमच्या पिवळ्या उजेडात लाल आणि तपकिरी वायर सारखीच दिसे, इथे रंग नीट ओळखू येत. हे गुण खरे होते, नाकारण्यात अर्थ नाही.

विजेचा हिशेबही वरवर चोख होता. ४०० वॅटचा मेटल हॅलाइड चोकसकट साधारण ४४० वॅट ओढतो. त्या जागी २०० वॅटचा इंडक्शन लावला की त्याला वीज पुरवणाऱ्या डब्यासकट २१० च्या आसपास. वर्षाला ४,००० तास धरले तर एका दिव्यामागे नऊशेच्या वर युनिट वाचतात. ८ रुपये युनिट धरा, सात हजारांहून जास्त रुपये झाले.

पण २०० वॅटचा इंडक्शन ४०० वॅटच्या नव्या मेटल हॅलाइडइतका उजेड देतो कसा? देत नव्हताच. इंडक्शनचा उजेड वॅटला सत्तर-ऐंशी लुमेन (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचे माप), नवा मेटल हॅलाइड त्याच्या बरोबरीचा किंवा थोडा वरच. मग विक्रेते एक गुणक लावायचे. पांढरा उजेड डोळ्याला जास्त जाणवतो, म्हणून लुमेनचा आकडा दीड-दोनपट फुगवायचा. अगदी मंद उजेडात या म्हणण्याला थोडा आधार आहे. लेथवर काम करणाऱ्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. लक्स मीटर (पडणारा उजेड मोजणारे यंत्र) जमिनीवर ठेवला की बिंग फुटे, म्हणून मीटर फारसा कोणी काढत नसे. शिवाय हा दिवा आकाराने मोठा, त्याचा उजेड सगळीकडे पसरतो. खाली हवा तिथे तो नेमका पाडणे अवघड.

आता त्या लाख तासांविषयी. आकडा काचेचा होता. दिव्याला वीज पुरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा (कोणी त्याला बॅलास्ट म्हणे, कोणी जनरेटर, आमचे वायरमन सरळ चोक म्हणायचे) लाख तासांचा कधीच नव्हता. त्यात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) असतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते, हा त्या धंद्यातला साधा आडाखा आहे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये छताला लटकलेल्या डब्याचे काय होत असेल? त्यात आपला पुरवठा. तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल (परतीची तार) सैल झाला किंवा तुटला, की २३० व्होल्टच्या दिव्यावर ४०० च्या घरात दाब येऊ शकतो. वळवाच्या पावसातल्या विजांच्या कडकडाटाचा मार वेगळाच. मी काम केलेल्या एका वसाहतीत बंद पडलेले दिवे खाली उतरवले तेव्हा काच बहुतेक ठिकाणी शाबूत होती, गेला होता तो डबा. तो बदलून मागितला तर पुरवठादाराने आयात थांबवलेली. दुसऱ्या कंपनीचा डबा त्या दिव्याला चालत नाही, कारण वारंवारता जुळत नाही. चांगले दिवे भंगारात गेले.

एलईडीने इंडक्शनला मागे टाकले ते योग्यच झाले. आजचे चांगले एलईडी फिटिंग वॅटला १३० लुमेन सहज देते आणि उजेड हवा तिथेच टाकते. आज नवे इंडक्शन दिवे घ्या असे कोणी सांगितले तर मी विरोधच करीन. मात्र निविदेत आजही '५०,००० तास' लिहिले जाते ते बहुधा एलईडीच्या चिपबद्दल. तिच्यामागचा ड्रायव्हर त्याच जातीचा डबा आहे, तेच कपॅसिटर, तोच उन्हाळा, तोच सैल न्यूट्रल. आपल्या वाचकांचे दिवे लुकलुकून बंद पडतात ते बहुतेक वेळा त्या ड्रायव्हरमुळे.

केंद्राची पथदिव्यांची राष्ट्रीय योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यात ईईएसएल या सरकारी कंपनीने खर्च करायचा, साधारण सात वर्षे देखभाल करायची आणि पालिकांनी वाचलेल्या विजेतून पैसे फेडायचे, अशी रचना होती. ज्या पालिकांचे करार २०१७-१८ च्या सुमाराचे आहेत, त्यांची मुदत संपली किंवा संपत आली आहे. यापुढे खांबावरचा प्रत्येक जळालेला ड्रायव्हर पालिकेच्या गळ्यात पडणार. म्हणून नव्या निविदांमध्ये ड्रायव्हर फिटिंगपासून वेगळा काढता यावा, हमी पूर्ण फिटिंगला असावी, हमीच्या काळात पुरतील इतके सुटे ड्रायव्हर पुरवठ्याच्या वेळीच भांडारात जमा व्हावेत. देयक निघण्याआधी रस्त्यावर लक्स मोजावा आणि दरवर्षी पुन्हा मोजावा. दिवे बदलण्याआधी त्यांना वीज देणाऱ्या लाइनचे (फीडरचे) न्यूट्रल आणि अर्थिंग तपासून घ्यावे. हे काम उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही, त्यामुळे मागे पडते. उजेडाचा रंगही आधीच ठरवावा. २०१५ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी लावल्यावर केवढा गदारोळ झाला आणि पिवळसर छटा परत आणावी लागली, ते आठवत असेलच.

राहता राहिले काढलेले दिवे. इंडक्शन दिव्यात पारा असतो, मिश्रधातूच्या छोट्या गोळीच्या रूपात. भंगारवाला तांबे आणि अॅल्युमिनियम काढून घेतो, काच फोडतो, गोळी गटारात जाते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत पारा असलेले दिवे येतात. म्हणजे ते नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच जायला हवेत. इंडक्शन असो, सीएफएल असो वा जुन्या ट्यूब, असे दिवे उतरवणाऱ्या प्रत्येक पालिकेने आणि कारखान्याने किती दिवे उतरले आणि किती तिथे पोचले याची पावती दप्तरी ठेवावी. ठेकेदाराचे शेवटचे बिल ती पावती पाहूनच मंजूर करावे.

आपला,
निवृत्त विद्युत पर्यवेक्षक,
सातपूर, नाशिक