उधारीला गल्ला म्हणत नाहीत साहेब

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर दुकानात रोज येतो, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं इलेक्ट्रिक-हार्डवेअरचं दुकान आहे, वडिलांच्या हातचं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण नाव लिहिलं की आधी दुकानासमोरचा पथदिवा बंद पडतो आणि मग दुकानासमोरच गटारीचं काम निघतं, असा आमच्याकडचा अनुभव आहे. तसंही हे वाचून अमळनेरवाल्याला वाटेल आमचंच लिहिलंय, चोपड्यावाल्याला वाटेल आमचंच, शहादा-दोंडाईचाकडच्यांना पण तसंच वाटेल, त्यामुळे नावाने फार फरक पडत नाही.

परवा आमच्या पालिकेची बजेटची सभा झाली, मी जाऊन मागच्या खुर्चीवर बसलो होतो. सभा लोकांना बसून बघता येते हेच आमच्या अर्ध्या बाजाराला माहीत नाही. शिपायाने विचारलं काय काम आहे भाऊ, म्हटलं काम काही नाही, ऐकायला आलोय, तो बिचारा गोंधळला पण चहा मात्र मलाही दिला. जवळपास चार वर्षं प्रशासकाच्या हातात कारभार होता, डिसेंबर २०२५ ला निवडणुका झाल्या, नवीन नगराध्यक्ष, नवीन नगरसेवक, म्हणजे लोकांनी निवडलेल्या माणसांचं इतक्या वर्षांनी पहिलं बजेट, तर मला वाटलं होतं आज खडाजंगी होणार. कसलं काय. लेखापालांनी आकडे वाचले, तेही असे की पोथी वाचतायत, दोन-तीन जण अभिनंदनाचं बोलले, एका नगरसेविका ताईंनी बाजारात बायकांसाठी मुतारी नाही हा विषय काढला तर "ताई तो विषय आपण वेगळा घेऊ" असं म्हणून बसवलं, आणि मग मंजूर मंजूर मंजूर. घड्याळ लावून बघितलं, पाऊण तास. त्यातली पंधरा मिनिटं शाल-नारळात गेली.

दुसऱ्या दिवशी बातमी काय तर "करवाढ नसलेला शिलकी अर्थसंकल्प". आता हा शिलकी शब्द वाचला ना की माझं डोकं फिरतं, आणि हे पत्र त्याच्यासाठीच लिहितोय.

मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही, बारावी कॉमर्स, पण खतावणी मला कळते. बजेटच्या पुस्तकात मागच्या वर्षी प्रत्यक्षात काय झालं त्याचा एक रकाना असतो, चालू वर्षाचा सुधारित अंदाज असतो आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असतो. सगळे पुढच्या वर्षाचा रकाना वाचतात कारण स्वप्नं तिथे असतात. मी मागच्या वर्षाचा वाचला. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळाभाडं, तिन्ही ठिकाणी एकच खेळ, मागच्या वर्षी जेवढी वसूल झाली त्याच्या जवळपास दुप्पट रक्कम पुढच्या वर्षी येणार असं धरलंय. कुठून येणार? तर थकबाकीतून. आता ही थकबाकी म्हणजे काय आहे, तर त्यात मेलेली माणसं आहेत, घर बंद करून सुरतेला गेलेले आहेत, भावाभावांचे वाटणीचे दावे आहेत, सरकारी ऑफिसं आहेत आणि काही मोठी मंडळी आहेत ज्यांच्या दारात वसुलीवाला जातच नाही. वर दर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते म्हणजे कागदावर येणं वाढतच जातं, आणि येणं वाढलं की बजेट फुगतं, आणि बजेट फुगलं की त्याच्या जोरावर नवीन कामं धरता येतात. असं हे शिलकी.

माझ्या वहीत एका ठेकेदाराची उधारी २०१८ पासून आहे. दरवर्षी दिवाळीला वहीपूजन झालं की मी ती इमानदारीने नव्या वहीवर ओढतो, बायको हसते. पण त्या पैशाच्या भरवशावर मी कधी वायरचं एक बंडल तरी भरलंय का? नाही. उधारी वेगळी आणि गल्ला वेगळा हे आमच्या दुकानातल्या पोऱ्याला पण कळतं, तो सातवी पास आहे.

बरं येणं असं फुगवलेलं आणि देणं कुठे? देणं पुस्तकात सापडतच नाही. हे मी स्वतःच्या अंगावरून सांगतो. मागे पालिकेच्या पाणीपुरवठ्यासाठी माझ्याकडून स्टार्टर, केबल, व्हॉल्व्ह असा माल गेला, पंप बंद पडला होता, गावाला पाणी नव्हतं, म्हटलं गावाचं काम आहे, घ्या. बिल निघायला चौदा महिने लागले. चौदा महिने मी कंपनीला पैसे भरून बसलेलो, वर जीएसटी पण मीच भरला कारण बिल फाडलं की टॅक्स लागला. दर महिन्याला उत्तर एकच, "निधी नाही". आणि त्याच वर्षी ३१ मार्चच्या रात्री उशिरापर्यंत ऑफिसचे लाइट चालू, ठेकेदारांच्या गाड्या बाहेर लागलेल्या, चेक निघत होते, माझं दुकान त्याच रस्त्याला आहे म्हणून बघितलं. निधी नव्हता तर तो रातोरात कुठून आला आणि होता तर मला का नाही, हा प्रश्न मी तेव्हापण विचारला होता, त्यावर "आप्पा, तुम्ही पण ना" एवढंच उत्तर मिळालं. आता लोक म्हणतील की याचं बिल अडकलं होतं म्हणून हा बोंबलतोय. हो, म्हणूनच बोंबलतोय, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पण माझ्यासारखी किती देणी डोक्यावर आहेत त्याची यादी बजेटला जोडा ना, मग बघू शिल्लक कुठे राहते.

एक गोष्ट मान्य करतो, पालिकेच्या हातात मोकळा पैसा फार नसतो. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाचा जो निधी ३१ मार्च २०२६ पर्यंत आमच्यासारख्या गावांना होता (पुढे सोळावा) त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला, ४० टक्के तेवढा मोकळा. पगार राज्याच्या सहायक अनुदानावर. स्वतःच्या उत्पन्नातून ५ टक्के दिव्यांगांना, ५ टक्के महिला बालकल्याणाला ठेवावे लागतात, आणि ते ठेवलेच पाहिजेत, माझं म्हणणं एवढंच की ठेवतात आणि खर्चतच नाहीत, पुस्तकात प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात शून्य बघितलं मी. ताईंच्या मुतारीचा विषय वेगळा घ्यायची काही गरजच नव्हती, पैसे तिथेच पडलेले होते, पान उलटायचं होतं फक्त. आमच्या बाजारात खेड्यावरून सकाळी बाई येते, मेथी-वांगी विकते, संध्याकाळच्या एसटीने परत जाते, ती दिवसभर पाणी पीत नाही. का पीत नाही ते सगळ्यांना माहीत आहे.

तिचंच अजून एक सांगतो. बाजार फी वसूल करायचा ठेका दिलेला असतो. माझ्या ओट्याच्या खाली बसणाऱ्या एका म्हातारीला मी म्हटलं मावशी पावती घेत जा, तर ती म्हणे "पावती लिसन काय करू भाऊ, तेनावर दहा शेत अन् लेतस वीस." आता हे वरचे दहा कोणाच्या बजेटमध्ये जमा होतात? २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे, त्यात शहर पथविक्रेता समिती करायची, त्या समितीत ४० टक्के विक्रेत्यांचेच प्रतिनिधी घ्यायचे, दर पाच वर्षांनी सर्व्हे करायचा, बसायच्या जागा ठरवायच्या. आमच्याकडे सर्व्हे झाला, फोटो काढले, कोणाकोणाला ओळखपत्र पण मिळालं, जागा मात्र ठरली नाही. म्हणून ती म्हातारी माझ्या ओट्याखाली आणि तिच्या पुढे मोटारसायकली आणि त्याच्या पुढे रस्ता, त्यात सण आला की माणूस आडवा चालतो. मी तिला उठवत नाही. बाकी दुकानदार म्हणतात तू लाडावून ठेवलंय, पण तिच्याकडे भाजी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक माझ्याकडून होल्डर पण घेऊन जातं हे त्यांना कळत नाही.

आणि दुसरीकडे पालिकेचं शॉपिंग कॉम्प्लेक्स. वरच्या मजल्यावरचे गाळे बांधल्यापासून बंद, शटरला गंज, आत कबुतरं. कारण अनामत एवढी ठेवली की तेवढ्यात माणूस बायपासला प्लॉट घेईल. लिलाव निघतो, कोणी येत नाही, परत लिलाव निघतो. बजेटमध्ये मात्र त्या बंद गाळ्यांचं भाडं जमा होणार म्हणून दरवर्षी धरलेलं. खालच्या चालू गाळ्यांचे करार संपलेले, नवीन भाडं किती ते ठरत नाही, दुकानदार म्हणतो ठरवा मग भरतो, पालिका म्हणते भरा मग ठरवतो. जळगावला महापालिकेच्या गाळ्यांची मुदत २०१२ ला संपली आणि त्यावरून किती वर्षं मोर्चे, नोटिसा आणि कोर्ट चाललं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, त्यात ना व्यापाऱ्याचं भलं झालं ना महापालिकेचं. आमच्या गावाने तिकडून काही शिकावं ना, पण नाही.

वडील सांगायचे की जकात होती तेव्हा पालिकेचं बाजारावर लक्ष असायचं. जकात काही फार चांगली होती असं मी म्हणत नाही, नाक्यावर काय काय चालायचं ते पण त्यांनीच सांगितलंय. पण बाजारात माल आला तर पालिकेला पैसा, एवढा साधा हिशोब होता, म्हणून बाजारातला रस्ता खराब झाला तर कोणीतरी बघायचं. १९९९ ला नगरपालिकांची जकात गेली, मग जीएसटी आला २०१७ ला, आता माझ्या दुकानात कमी विकलं काय जास्त विकलं काय पालिकेला त्याचं सोयरसुतक नाही, तिचं अनुदान वरून येतं. मग बायपासला मोठं मार्ट झालं तेव्हा गिऱ्हाईक तिकडे गेलं. लोक म्हणतात ऑनलाइनने मारलं, मार्टने मारलं. मला अर्धंच पटतं. ते मार्ट स्वस्त आहे म्हणून नाही जात सगळे, तिथे गाडी लावायला जागा आहे आणि बायकांना जायला बाथरूम आहे म्हणून जातात, माझी सून पण जाते, तिनेच सांगितलं. या दोन गोष्टी बाजारात करायला कोट्यवधी लागत नाहीत.

देखरेखीचं म्हणाल तर कागदावर सगळं आहे. स्थानिक निधीचं ऑडिट होतं, आक्षेप निघतात, वसूलपात्र रक्कम लिहितात, मग अनुपालन सादर होतं, मग पुढच्या ऑडिटला तेच आक्षेप. ठराव चुकीचा असला तर नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी थांबवू शकतात. माहिती अधिकार आहे, १० रुपयांचं तिकीट आणि आपल्या राज्यात १५० शब्दांची मर्यादा, तेवढ्यात बसवून मी दोनदा अर्ज टाकला, एकदा उत्तर आलं "माहिती विस्तृत स्वरूपाची आहे". एका रस्त्याचे तीन तुकडे करून तीन कामं दाखवली की टेंडरची भानगड राहत नाही हे शेंबड्या पोराला माहीत आहे. आणि खान्देशात हे आपण नवीन शिकतोय असं पण नाही, जळगावच्या पालिकेच्या घरकुल योजनेतल्या घोटाळ्याच्या प्रकरणात २००६ ला तेव्हाच्या आयुक्तांनी फिर्याद दिली आणि विशेष कोर्टाचा निकाल लागला २०१९ ला, धुळ्यात, ४८ जणांना शिक्षा. तेरा वर्षं. पुढे अपील वगैरे आलंच. म्हणून मला वाटतं कोर्टापर्यंत जायच्या आधीच बघावं, पैसा खर्च होत असताना, नंतर मेलेल्या म्हशीला दूध जास्त.

पुण्यात २००६ पासून बजेटसाठी नागरिकांकडून सूचना मागवतात म्हणे, तिथे कितपत चालतं ते पुण्याचं पुण्याला. आमची मागणी तेवढी पण नाही. पालिकेच्या दाराशी फळा आहे, त्यावर सध्या मागच्या वर्षीच्या डेंग्यूच्या सूचना आहेत. त्या फळ्यावर दर महिन्याला लिहा, घरपट्टी एवढी धरली होती एवढी आली, गाळाभाडं एवढं धरलं एवढं आलं, कोणत्या ठेकेदाराला कोणत्या कामाचे किती दिले, कोणाचं किती देणं बाकी. खडूने लिहा, वेबसाइट नको, ती वेबसाइट उघडली की अजून प्रशासकांचाच फोटो येतो. मी हे सभा संपल्यावर आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला बोललो, पोरगा चांगला आहे, माझ्या डोळ्यासमोर वाढलेला, तो म्हणे काका फळ्यावर लिहिलं तर रोज शंभर जण विचारायला येतील. म्हटलं येतील तर येऊ दे, हाऊ पैसा आपलाच शे ना भो? तर हसला आणि गाडीवर बसून गेला.

व्यापारी असोसिएशनच्या मीटिंगमध्ये मी हा विषय ठेवतोय, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी. तिथे पण निम्मे जण पालिकेचे भाडेकरू आणि निम्मे ठेकेदारांना माल देणारे, मी पण त्यातलाच, त्यामुळे किती जण सही करतील सांगता येत नाही. एक निवेदन लिहून ठेवलंय, माझी सही केलेली आहे, दुसरी त्या भाजीवाल्या मावशीचा अंगठा. असोसिएशनमध्ये ती चालणार नाही म्हणतात.

आपला,
एक दुकानदार, जळगाव जिल्हा

ता.क. नाव-पत्ता तुमच्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिलाय, छापू नये. दुकानासमोरचा पथदिवा आज तारखेला चालू आहे, त्यात बसवलेला बल्ब माझ्याच दुकानातला आहे, पैसे यायचे आहेत.