व्हॉल्व्हचं ठरवण्याआधी

ती. बाबा आणि आई,
सा. न.

परवा फुफ्फुसात बसवायच्या व्हॉल्व्हचं काढलं, तर बाबांनी "छाती फाडून घेणार नाही" म्हणून विषयच संपवला. फोनवर बोलायला गेलं की त्यांना धाप लागते आणि आई फोन काढून घेते, म्हणून लिहिते आहे.

बाबा, छाती फाडायची नाहीच. हृदयाची झडप वेगळी. हे व्हॉल्व्ह भूल देऊन, तोंडावाटे दुर्बीण घालून श्वासनलिकेच्या फांद्यांत बसवतात. एम्फायसिमात, म्हणजे तुमच्या या फुफ्फुसाच्या आजारात, खराब भाग हवेनं फुगून बसतो, चांगल्या भागाला आणि खालच्या पडद्याला हलायला जागाच उरत नाही. अंघोळीनंतर तुम्ही कॉटच्या कडेवर बसता, बंडीची एक बाही घातलेली, दुसरी तशीच लोंबत, ते त्यामुळंच. आपल्या विहिरीवरचा फूटव्हॉल्व्ह आठवा. पाणी वर जाऊ देतो, परत येऊ देत नाही. तसा हा हवा नि कफ बाहेर सोडतो, आत हवा घेत नाही. तो भाग आक्रसतो, बाकीच्याला जागा मिळते. साधारण तीन ते पाच बसवतात, आणि नाहीच मानवले तर काढताही येतात.

पण सगळ्यांना चालत नाही हं. फुफ्फुसाचे दोन भाग मधल्या फटीनं एकमेकांपासून पुरते वेगळे असावे लागतात, नाहीतर शेजारून हवा पुन्हा भरते आणि सगळं फुकट. ते सीटी स्कॅनवर दिसतं. शिवाय साधारण चारातल्या एकाच्या फुफ्फुसातून हवा गळून छातीत साठते, कधी नळी घालावी लागते. बहुतेक वेळा हे पहिल्या तीन दिवसांत होतं, म्हणून निदान तीन रात्री दवाखान्यात ठेवतात. कुणी "संध्याकाळी घरी" म्हणालं तर मला फोन करा.

गेलेलं फुफ्फुस परत येत नाही. तोंडानं ओढायचा औषधाचा पंप आणि श्वासाचे व्यायाम चालूच राहतील. आणि बिडी! काही महिने पूर्ण सुटलेली असल्याशिवाय डॉक्टर हा विषय काढत नाहीत. मार्केट यार्डात कुणी पुढं केली म्हणून ओढलेलीही बिडीच असते, बाबा.

तुम्ही आत्ता हो म्हणू नका. थंडीत खोकला वाढतो, त्याआधी मिरजेला सीटी आणि फुंकायची तपासणी तेवढी करू. व्हॉल्व्ह चालणारच नसेल तर वादच मिटला.

आई, गादीखालचे जुने एक्स-रे काढून पिशवीत घालून ठेव. मी शनिवारी येते.

तुमची,
मनू