ज्युडीबाई, तो किस्सा सांगितलात म्हणून

डेम ज्युडी डेंच यांस,
सप्रेम नमस्कार.

आभार मानायचे आहेत ते ऑस्करसाठी नव्हे. 'शेक्सपिअर इन लव्ह'मध्ये जेमतेम आठ मिनिटं दिसून तुम्ही ते नेलंत, त्याचं कौतुक जगाने करून झालंय. १९५७ साली लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहातली ऑफिलिया, १९७६ची लेडी मॅकबेथ, १९९५पासून जेम्स बॉण्डला दटावणारी त्याची वरिष्ठ एम, हे आम्हा हौशी नाटकवाल्यांना तोंडपाठ आहे. उमेदवारीच्या काळात एका सिनेमावाल्याने 'तुमच्या चेहऱ्यात सगळंच चुकलंय' असं तोंडावर सुनावलं होतं, तेसुद्धा. (त्या गृहस्थाचं नाव आज कोणाला आठवतंय?)

माझं कारण वेगळं आहे. तुम्हाला डोळ्यांचा जो आजार आहे, तोच मला झालाय. मॅक्युलर डिजनरेशन. कडेचं सगळं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जातं. समोरच्या नटाची बाही दिसते, चेहरा नाही. पहिल्या डॉक्टरांनी मान वर न करता "वयाचं आहे" म्हणून चिठ्ठी हातात ठेवली. आणि ज्या संस्थेत माझी उमर गेली, तिथल्यांनी राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्याचं कळवलंसुद्धा नाही. विचारलं तर म्हणे, "ताई, तुम्हाला त्रास नको म्हणून." भूमिका केव्हाच दुसरीला देऊन झाली होती. काळजीच्या नावाखाली माणसाला घरी बसवणं किती सोपं असतं! वर आपणच चांगले ठरतो.

त्या दिवसांत भाचीने तुमचा किस्सा वाचून दाखवला. २०१५, लंडनचं गॅरिक थिएटर, शेक्सपिअरचं 'द विंटर्स टेल'. तुम्ही पॉलिना. दिग्दर्शक आणि सहनट केनेथ ब्रॅना तुम्हाला म्हणाले, हे भाषण आठेक फूट उजवीकडे म्हटलंत तर ते मला ऐकवल्यासारखं होईल, आत्ता तुम्ही रंगमंचाच्या कमानीला ऐकवताय!

एवढंच. भूमिका काढून घेतली नाही, बाजूला नेऊन हळू आवाजात समजावलं नाही. कुठे वळायचं ते सांगितलं आणि नाटक पुढे चालू. सभ्यपणा म्हणजे याहून फार काही लागत नाही, पण तेवढंही पुष्कळांना जमत नाही. त्याच पॉलिनासाठी ८१व्या वर्षी तुम्ही आठवं ऑलिव्हिए नाट्यपारितोषिक घेतलंत, तो विक्रम झाला. मला मात्र त्या आठ फुटांचंच अप्रूप. आणि त्याहून जास्त, तुम्ही ते लपवलं नाहीत, चारचौघांत हसत हसत सांगितलंत याचं.

संहिता तुम्ही दुसऱ्याकडून वाचून घ्यायचात, ऐकून पाठ करायचात, हेही तिथेच कळलं. आता भाची माझे संवाद फोनवर रेकॉर्ड करून देते. कुकर लावताना मी पाठांतर करते. कॉलेजच्या पोरांनी एक एकांकिका बसवायला घेतलीय, त्यात मी सासू आहे. पहिल्याच तालमीत मी त्यांना तुमचा किस्सा सांगून टाकला.

परवा लाइट्सवाला मुलगा विंगेतून ओरडला, "मावशी, सून डावीकडे आहे, तुम्ही कपाटाला झापताय!" तालीम थांबली, सगळे हसले, मी सगळ्यात जास्त. मग डावीकडे वळून सुनेला व्यवस्थित झापलं.

आपली,
सांगलीची एक हौशी नटी