विमाने नवी, इंजिने कुठे?

विमान कंपन्यांच्या विक्रमी खरेदीचे स्वागत करणारे संपादकीय वाचले. स्वागत योग्यच, पण केवळ विमाने नवी आली म्हणून उड्डाणे वेळेवर होत नाहीत. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७०, तर इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. त्याच वर्षी प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकी इंजिन उत्पादकाच्या जीटीएफ (गिअर्ड टर्बोफॅन) या विमान-इंजिनांतील फिरत्या चकत्यांसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीत दोष असल्याचे उघड झाले. इंजिन उतरवायचे, पूर्ण उघडायचे, चकत्या अल्ट्रासाउंडने तपासायच्या, लागतील त्या बदलायच्या. या सगळ्याला २५० ते ३०० दिवस लागतील, असे उत्पादकानेच सांगितले. तेवढा काळ काही वर्षांचीच विमाने इंजिनाविना उभी राहिली, ही खेदाची गोष्ट आहे. छोट्या पल्ल्याचे विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या करते आणि दोन फेऱ्यांमध्ये जेमतेम अर्धा-पाऊण तास मिळतो. त्यामुळे राखीव विमान नसेल तर सकाळचा बिघाड रात्रीच्या प्रवाशालाही भोवतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने उन्हाळी व हिवाळी वेळापत्रक मंजूर करतानाच प्रत्येक कंपनीकडील राखीव इंजिने, विमाने आणि वैमानिक मोजावेत व ते आकडे जाहीर करावेत.

— एक वाचक, पुणे