सुईचा गुण सोलापुरातच तपासून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत गेल्या महिन्यात एका वाचकाचा अनुभव आला होता : ॲक्युपंक्चरमुळे, म्हणजे अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याच्या उपचारामुळे, त्यांचं डिस्कचं (मणक्यांमधल्या गादीचं) ऑपरेशन टळलं. पुढच्याच आठवड्यात 'हे सगळं थोतांड' असं ठणकावणारं पत्र आलं. दोन्ही कात्रणं मी जपून ठेवली आहेत. हे दुखणं मी स्वतः भोगलं आहे, आणि त्याआधी नोकरीत एकतीस वर्षं खिडकीपलीकडच्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

मी सरकारी ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माता होते. कंबरदुखीचा माणूस केसपेपर पुढे करण्याआधी खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकवतो, मग बोलतो. 'ताई, उसण भरली', 'नस दबलीय', 'मणक्यात गॅप आलाय', 'पायात चमक मारती.' आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, त्यामुळे गाळप हंगामात ही रांग वाढायची. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढणाऱ्या बाया, दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाया, यंत्रमागावर पाळी करणारे, एसटीचे ड्रायव्हर. त्यांच्या हातावर मी पाच दिवसांचं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक आणि पित्ताची गोळी ठेवायचे. सहाव्या दिवशी ते तीच दुखण्याची गोळी दुकानातून घ्यायचे आणि पुढे महिनोन्महिने घेत राहायचे. पोटाला जखमा झालेली, मूत्रपिंडावर परिणाम झालेली माणसं मी त्याच खिडकीत पुन्हा पाहिली आहेत. त्यामुळे गोळीवाचून दुखणं कमी करणारं काही असेल, तर ते मला मनापासून हवं आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सलाइनच्या बाटल्यांचं खोकं उचलताना माझ्याच कंबरेत कळ आली. चार दिवसांत ती डाव्या कुल्ह्यातून पोटरीवरून करंगळीपर्यंत उतरली. एमआरआयमध्ये शेवटच्या दोन मणक्यांमधली, एल-फाइव्ह एस-वनची, गादी सरकून नस दाबत असल्याचं दिसलं. सर्जननी पाय तपासला, ताकद शाबूत आहे म्हणाले, सहा-आठ आठवडे थांबू, असा सल्ला दिला. ते दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक. रात्री कूस बदलायची तर आधी मन घट्ट करावं लागे. सातव्या आठवड्यात नणंद मला ॲक्युपंक्चरवाल्यांकडे घेऊन गेली. बारा सिटिंग झाली. पाचव्या सिटिंगनंतर भाच्याच्या बारशाला मी पंगतीत खाली बसून जेवले. घरात सगळ्यांचे डोळे पाणावले होते.

तेव्हापासून चार वर्षं मी भेटेल त्याला सांगत होते की मला सुईनं उठवलं.

मग निवृत्तीनंतर कपाट आवरताना एक वही सापडली. जुन्या इंडेंट बुकाच्या कोऱ्या पानांवर मी आजारपणात रोज रात्री वेदनेचा आकडा लिहून ठेवला होता, शून्य ते दहा. तारखा जुळवून पाहिल्या. पहिली सुई टोचण्याच्या अकरा दिवस आधीच आकडा आठवरून पाचवर आलेला होता. पुढच्या पाच आठवड्यांत तो पाचवरून दोनवर आला. त्याच पाच आठवड्यांत मी फिजिओथेरपीचे व्यायाम सुरू केले होते, खोकी उचलणं बंद केलं होतं, दुपारी झोपत होते. म्हणजे सुया टोचून घेतल्या हे खरं आणि मी बरी झाले हेही खरं. पण पहिल्यामुळे दुसरं झालं का, हे माझी वही सांगू शकत नाही. आपल्या त्या वाचकांचा अनुभवही सांगू शकत नाही, आणि थोतांड म्हणणाऱ्यांचा संताप तर नाहीच नाही.

डिस्कच्या दुखण्यात ही फसगत सहज होते. सरकलेल्या गादीचा बाहेर आलेला भाग बऱ्याच जणांत आपोआप आकसतो. शरीरातल्या पेशीच तो हळूहळू खाऊन टाकतात. माणूस उपचाराला जातो तो दुखणं टोकाला गेलं की, आणि टोकाला गेलेलं दुखणं बहुधा उतरतंच. मधल्या काळात जो भेटेल त्याला श्रेय मिळतं, मग तो पट्टा असो, मालिश असो, सुई असो की नवस. एमआरआयचंही तसंच. पाठ दुखत नसलेल्या ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र करणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांमध्ये गादी फुगलेली होती, दुखणं काहीच नव्हतं. म्हणून 'गॅप भरून निघाला' असं फिल्म दाखवून कुणी सांगितलं तर मी तरी आता त्यावर विसंबणार नाही.

यातून मार्ग एकच, जो आपण प्रत्येक औषधाला लावतो : चाचणी. औषधात हे सोपं असतं, तशीच दिसणारी खडूची गोळी करता येते. खोटी सुई कशी करायची? लोकांनी यासाठी डोकं चालवलंय. बोथट टोकाची सुई असते, ती कातडीला टेकते पण आत जात नाही. अमेरिकेत २००९ मध्ये ६३८ जणांवरच्या चाचणीत एका गटाला नळीतून चक्क दात कोरायची काडी टेकवली आणि फिरवली. पाठ वर, तोंड खाली. रुग्णाला दिसणार काय? आठ आठवड्यांनी सुईच्या आणि काडीच्या गटांत मिळून ६० टक्क्यांची हालचाल ठळक सुधारली, नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्क्यांची. सुई आणि काडी यांच्यात मात्र फरक दिसला नाही. त्याआधी जर्मनीत १,१६२ रुग्णांवर चाचणी झाली, तिचे आकडे २००७ मध्ये आले. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरचा गुण ४७.६ टक्क्यांना, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि गोळ्या-फिजिओथेरपी-व्यायाम घेणाऱ्यांपैकी २७.४ टक्क्यांना.

हे आकडे मी कितीतरी दिवस मनात घोळवले. त्यांत दोन वेगळे प्रश्न आहेत. सुईवाल्याकडे गेल्यानं माणसाला बरं वाटतं का? वाटतं, नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त. ते त्या विशिष्ट बिंदूंमुळे वाटतं का? या दोन चाचण्यांत तसं दिसत नाही. एकाच पुराव्यावरून देशही वेगळ्या वाटांनी गेले. जर्मनीनं सरकारी विम्यात ॲक्युपंक्चर घेतलं. ब्रिटननं २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीसाठी ते सुचवलं आणि २०१६ मध्ये काढून टाकलं. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या मेडिकेअर विम्यात २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ सिटिंग मिळतात, गुण दिसला तर आणखी ८.

पण या दोन्ही चाचण्या सरसकट जुनाट कंबरदुखीच्या होत्या. गादी सरकून पायात कळ जाणाऱ्यांची, म्हणजे माझ्यासारख्यांची, नीट झालेली चाचणी चीनमधली आहे, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेली. सहा रुग्णालयं, २१६ रुग्ण, तीन महिन्यांहून जुनं दुखणं, चार आठवड्यांत दहा सिटिंग. शंभर मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर पायाचं दुखणं खऱ्या सुईच्या गटात ३०.८ नं उतरलं, खोट्या सुईच्या गटात १४.९ नं. वर्षभरानंतरही काही अंतर टिकून होतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. म्हणजे कदाचित खरंच काही असेल! पण तिथेही टोचणाऱ्याला माहीत होतं की आपल्या हातात कुठली सुई आहे, आणि टोचणाऱ्याचा चेहरा रुग्ण वाचतो. शिवाय ॲक्युपंक्चरवर पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धा असलेला तो देश. एवढ्यावर मी माझ्या खिडकीतल्या बाईला 'जा, टोचून घे' म्हणणार नाही, आणि 'जाऊ नकोस' असंही म्हणणार नाही.

म्हणून माझी मागणी आहे की ही चाचणी आपल्याकडे व्हावी. आणि सोलापुरात व्हावी. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे. भैय्या चौकातल्या त्यांच्या घरी स्मारक आहे. ते शल्यविशारद होते, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता १९४२ मध्ये तिथेच गेले. त्यांच्याच पथकातले बिजॉयकुमार बसू १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. भारतात ही सुई आली ती अशी. पुढे पश्चिम बंगालनं १९९६ मध्ये कायदा केला, महाराष्ट्रानंही केला, आपल्याकडे ॲक्युपंक्चरची परिषदही आहे. केंद्रानं २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. मान्यता मिळाली की नोंदणी होते, पाट्या लागतात, फी ठरते. गुण येतो का हे पाहण्याचं काम कुणाच्या वाट्याला आलेलं नाही.

चाचणी करणं आपल्याला अवघड नाही. सिव्हिलच्या अस्थिरोग विभागात रुग्णांची वाण नाही. उलट एक सोय आहे : आपल्या बहुतेक रुग्णांनी ॲक्युपंक्चरची सुई कधी पाहिलेलीच नसते, त्यामुळे खरी-खोटी ओळखणं त्यांना कठीण. शेवटी प्रत्येकाला विचारावं, तुम्हाला कुठली मिळाली असं वाटतं? उत्तरं अंदाजपंचे निघाली तर झाकलेलं झाकलेलं राहिलं असं समजायचं. तिसरा गट नुसत्या व्यायामाचा ठेवावा, कारण सरकारी रुग्णालयाला फुकटात देता येईल असा उपचार तोच आहे. वर्षभर पाठपुरावा करावा. पहिला रुग्ण घेण्याआधी केंद्राच्या चाचणी नोंदणीत सगळं लिहून टाकावं, म्हणजे निकाल नकोसा आला तरी दडपता येणार नाही.

दोन गोष्टी मात्र परदेशी प्रश्नावलीतून उचलू नयेत. ऊसतोड बाईला 'खुर्चीत किती वेळ बसता येतं' विचारून काय कळणार? तिला विचारा : मोळी उचलता येते का, उकिडवं बसून भांडी घासता येतात का, कोयता परत हातात कधी घेतला. आणि दहा सिटिंग म्हणजे दहा दिवसांची मजुरी. ती आणि एसटीचं भाडं चाचणीच्या खर्चात धरलं नाही, तर जिच्यासाठी हे करायचं तीच तिसऱ्या खेपेला येणार नाही, आणि मग निकाल पेन्शनीत निघालेल्या माझ्यासारख्यांचा असेल.

एक आठवण इथे लिहिलीच पाहिजे. मोहोळकडचा एक तिशीतला मुलगा माझ्या खिडकीशी आला तेव्हा त्याचं पाऊल जमिनीवर फटक्‌ फटक्‌ आपटत होतं. पाऊल वर उचलतच नव्हतं. महिनाभर तो कुठेतरी सुया टोचून घेत होता आणि 'नस मोकळी होतेय' असं त्याला सांगितलं गेलं होतं. ऑपरेशन झालं, पण पाऊल पूर्ण उचललं गेलं नाही. पायातली ताकद जाणं, जांघेत बधिरपणा, लघवी तुंबणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सर्जन गाठायचा, हे प्रत्येक ॲक्युपंक्चर केंद्राच्या भिंतीवर ठळक मराठीत लिहिलेलं असावं. परिषदेला हे उद्यापासून सक्तीचं करता येईल, त्याला चाचणीची वाट पाहायला नको.

चाचणीत कुणाला कुठली सुई द्यायची याच्या चिठ्ठ्या बंद पाकिटांत ठेवणारा माणूस तपासणाऱ्यांपैकी किंवा टोचणाऱ्यांपैकी असून चालत नाही. औषधांच्या चाचणीत हे काम बहुतेकदा आमच्या खात्याकडे असतं. वैद्यकीय महाविद्यालयानं मनावर घेतलं तर ती पाकिटं करायला, क्रमांक घालायला आणि कुलूप लावून सांभाळायला मी रोज सकाळी दहा ते एक विनामोबदला येईन. माझ्या वहीची छायाप्रत या पत्रासोबत पाठवत आहे. छापायची नसली तरी एकदा तारखा पाहाव्यात.

आपली,
एक निवृत्त औषधनिर्माती, सोलापूर
(नाव-पत्ता संपादकांकडे)