टूर रद्द केली आहे, पण जूनमध्ये यायचंच आहे

कार्ल्सरूह
रविवार

ती. बाबा आणि ती. आई यांस सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबांच्या नेमक्या बातम्या लागतात, म्हणून लिहिते आहे. दादाने तुमच्या कानावर घातलंच असेल. टूर रद्द केली आहे. ॲडव्हान्स थोडा कापून परत येईल, कापले ते माझ्याकडून समजा. जूनमध्ये तुम्ही दोघं सरळ माझ्याकडे यायचं आणि त्यातला आठवडाभर आपण तिघांनी इथल्या ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरांत राहायचं. हिन्टरत्सार्टन नावाच्या गावात तळमजल्यावरचं घर घेतलं आहे. पैसे भरून झालेत.

बाबा, चष्मा काढून ठेवू नका. आधी पूर्ण वाचा.

त्या टूरचा कार्यक्रम मी ओळ न् ओळ वाचला. बारा दिवसांत सहा देश, रोज पहाटे बॅगा दाराबाहेर, मग दिवसभर बस. ब्लॅक फॉरेस्ट त्यातही होतंच, टिटिझे तळ्याकाठी एक थांबा. तो थांबा मी बघितला आहे. बसमधून उतरायचं, कुकू घड्याळ कसं बनतं ते उभ्या उभ्या ऐकायचं, तळ्यापुढे फोटो काढायचा, स्वच्छतागृहाच्या रांगेत अर्धा वेळ घालवायचा आणि गाइडने झेंडी हलवली की पळायचं. एक काका गुडघा धरून बाकावर बसले होते आणि काकू त्यांना "उठा हो, सगळे गेले" म्हणत होत्या. त्या काकांचे पैसे तुमच्याइतकेच कष्टाचे असणार. हिन्टरत्सार्टनहून तेच टिटिझे गाडीने पुढचंच स्टेशन आहे. सकाळी गर्दीच्या आधी जाऊ, काठाच्या सपाट रस्त्याने हवं तेवढं चालू, बोटीत बसू, आणि बाबांना जेवून आडवं व्हायचं असेल तेव्हा घरी.

मागच्या श्रावणात जे झालं त्यामुळे मी हे ठरवलं असं मुळीच समजू नका. डॉक्टर स्वतः म्हणालेत की बाबांनी सगळं करावं, फक्त दमेपर्यंत करू नये. मी तेव्हा येऊ शकले नाही, दादा एकटा धावला, ते मनात आहेच. पण हा बेत त्याची भरपाई म्हणून नाही. मला तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर हवे आहात, एवढंच. आयफेल टॉवर कुठे पळून जात नाही. पुढच्या वर्षी पॅरिस करू, इथून थेट गाडी आहे.

आणि बाबा, आता तुमच्यासाठी जे राखून ठेवलंय ते. फ्रायबुर्गहून हिन्टरत्सार्टनला जाणारी लाइन म्हणजे ह्यॉलेन्टालबान, १८८७ सालची. चढ १८ला १, म्हणजे अठरा फूट पुढे गेलं की एक फूट वर. चुकून लिहिलेलं नाही, अठराला एक. तुम्ही इंजिन चालवलंत तो बोरघाट ३७ला १, म्हणजे हा चढ त्याच्या दुप्पट. सुरुवातीला रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी होती आणि इंजिनाखाली दात्यांचं चाक. १९३३मध्ये ती पट्टी काढली, तेव्हापासून गाडी साध्या चाकांवरच चढते. पण खरी गंमत पुढे आहे. १९३६मध्ये याच लाइनवर जर्मनांनी २० किलोव्होल्ट, ५० सायकलची वीज चालवून पाहिली. घरात, कारखान्यात येते त्याच जातीची वीज थेट तारेत. युद्धानंतर हा भाग फ्रेंचांच्या ताब्यात आला, त्यांच्या इंजिनिअरांनी ते काम तपासलं, फ्रान्समध्ये पुढे नेलं आणि त्यातून २५ केव्हीची पद्धत उभी राहिली. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी आपल्या रेल्वेने फ्रेंचांच्याच सल्ल्याने ती घेतली. म्हणजे तुम्ही आयुष्यभर डी.सी. विजेवर डब्ल्यूसीजी-२ इंजिनं चालवलीत, आणि शेवटी शेवटी ज्या ए.सी. विजेच्या नावाने घर डोक्यावर घेतलंत, ती आधी या दरीत शिकली आहे. (आता या लाइनवर बाकीच्या जर्मनीसारखीच १५ केव्ही आहे, १९६०पासून. ते तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगते.)

खिडकीतली जागा तुमची. दरी अरुंद होते तिथे वर कड्यावर हरणाचा पुतळा आहे, शिकाऱ्यांपासून वाचायला त्याने दरीवरून उडी मारली म्हणे. पुढे राव्हेना पूल. १७७०मध्ये मारी आंत्वानेत, पुढे फ्रान्सची राणी झाली ती, लग्नासाठी व्हिएन्नाहून फ्रान्सला निघाली तेव्हा तिचं वऱ्हाड याच दरीतून गेलं, तिच्यासाठी रस्ता नीट करून घेतला होता. आई, हे तुझ्यासाठी. तिचं पुढे काय झालं ते तुला माहीत आहे, ते गाडीत सांगत बसू नकोस.

मला आठवतं, बँकर इंजिन लावून गाडी मागून ढकलत निघालात की गेटापाशी हॉर्न जरा जास्तच वाजायचा. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "निघाले." मी आणि दादा गच्चीवर. परत येताना इंजिन एकटंच यायचं आणि मला का कोण जाणे, तुम्ही एकटे आहात म्हणून रडू यायचं. इथे गाडीत तुमच्या शेजारी बसायचं आहे मला. चढ येईल तेव्हा ब्रेकचं काय करतात ते तुम्ही सांगायचं.

बाकी बघायचं म्हणाल तर पुष्कळ आहे, पण दिवसाला एकच. फेल्डबर्ग १४९३ मीटर, या डोंगररांगेतला सगळ्यात उंच, आपल्या कळसूबाईहून मात्र दीडशे मीटर बुटका. त्यामुळे दम लागण्याचा प्रश्न नाही, शिवाय शेजारच्या झेबुक शिखराच्या माथ्यापर्यंत दोरावरची केबिन जाते. हवा स्वच्छ असेल तर आल्प्सची रांग दिसते. म्हणजे बर्फही बघून होईल, लांबून. एक दिवस दोनाउएशिंगेन. आई, तिथे डॅन्यूबचा उगम दगडी कठड्यात बांधलेला आहे, लोक नाणी टाकतात. वरचे फुर्टवांगनवाले म्हणतात खरा उगम आमच्याकडे, आणि ते भांडण अजून चालू आहे. तू दोन्हीकडे नमस्कार कर. तिथूनच पुढे गाडी बदलून ट्रीबेर्गचा धबधबा, सात टप्प्यांचा, एकूण १६३ मीटर. खालून पहिला टप्पा दिसतो तेवढा पुरे. वर चढायचं नाही. बाबा, नाही म्हणजे नाही.

गुटाखचं जुन्या घरांचं संग्रहालय मात्र मला तुम्हाला सावकाश दाखवायचं आहे. मूळ घर १६१२चं. छप्पर जवळजवळ जमिनीपर्यंत उतरलेलं, त्याच एका छपराखाली माणसं, गुरं आणि वर गवत. स्वयंपाकघराला धुराडं नाही, धूर तसाच वर जायचा, त्यातच मांस धुरवायचे आणि लाकडाला कीड लागायची नाही. आई, तू आत गेलीस की नानीच्या पडवीबद्दल बोलायला लागशील याची मला खात्री आहे.

आता राहण्याचं. घराला पायऱ्या नाहीत. कमोड आहे, आणि हो, पाण्याचा मगही घेतला आहे, आधीच नेऊन ठेवणार आहे. कुकर, तवा, लाटणं, गोडा मसाला माझ्याकडून. नळाचं पाणी तसंच प्यायचं, उकळत बसू नकोस. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी भाजी आणून ठेवू. तिथे राहणाऱ्या पाहुण्यांना घरमालक एक कार्ड देतात, त्यावर आठवडाभर तिथल्या बस आणि लोकल गाड्या फुकट, तेव्हा "टॅक्सी कशाला, एवढा खर्च" हे वाक्य वाया जाईल. साडेनऊपर्यंत उजेड असतो, बाबांना संध्याकाळच्या फेरीला घाई नको. केक खाऊ, पण आई, इथल्या खऱ्या ब्लॅक फॉरेस्ट केकमध्ये चेरीची दारू असते. तुझ्यासाठी सफरचंदाचा. आपल्या वाढदिवसाच्या केकवरची ती लाल चेरी म्हणजे पाकातलं करवंद असतं, हे मला इथे आल्यावर कळलं. बाबा, तुमच्या वाटची प्रत्येक वर्षी मी खाल्ली, आणि करवंदं तुम्हाला किती आवडतात!

आता मुकाट्याने ऐकायचं. बाबांची सगळी औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, सामानात नाही. व्हिसासाठी विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, दादा काढतो आहे, त्यात आधीच्या दुखण्याची नोंद खरी करायची, लपवायची नाही. हमीपत्र मी इथून पाठवलं आहे, बोटांचे ठसे द्यायला मुंबईला दोघांनी एकत्रच जा. विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे. ती लांबच लांब चालणं आणि रांगा टाळायला, बाकी काही नाही, बाबांनी तोंड पाडू नये. आई, तूप, पेढे, खवा काहीही आणू नकोस, दुधाचे पदार्थ इथे आणू देत नाहीत. मेतकूट, लसणाची चटणी, कोकम चालेल. जंगलात पूर्ण पँट, मोजे, गवतात बसायचं नाही, इथली गोचीड चावली तर आजार होतात. स्वेटर एकेक. आणि फ्रायबुर्गच्या रस्त्यांतून पाण्याचे छोटे पाट वाहतात, त्यात पाय पडला तर फ्रायबुर्गच्या माणसाशी लग्न होतं म्हणतात, तेव्हा आईला धरून चाला.

चालण्याचा सराव आजपासून. रोज स्टेशनपर्यंत आणि परत. दमलात तर बाकावर बसा, कोणी झेंडी हलवत नाही.

दोघांनाही नमस्कार.

तुमची,
मनू

ता. क. : शेजारच्या काकूंना टूर का रद्द केली ते सांगायची गरज नाही. "मुलीकडे जातोय" म्हणा. आणि बाबा, टूरवाल्यांना परत फोन लावलात तर मला दादाकडून कळेल.